सहा हजार अश्वशक्तीचे अल्पायुषी लोको

मालवाहतुकीच्या डिझेल लोकोंच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते, ती अशी की आपापल्या काळातले सर्वांत बलाढ्य लोको संख्येने फार थोडे निघाले आणि फार लवकर मोडीत गेले. अमेरिकेत १९७२ मध्ये आलेला ‘एसडी४०-२’ हा तीन हजार अश्वशक्तीचा लोको जवळजवळ चार हजारांच्या संख्येने बांधला गेला आणि त्यांतले कितीतरी चाळीस वर्षांनंतरही यार्डांत आणि शाखामार्गांवर राबत राहिले. याउलट पुढच्या पिढीचा लोको म्हणून १९९० च्या दशकात ज्यांचे स्वागत झाले, त्या सहा हजार अश्वशक्तीच्या लोकोंपैकी अनेकांना रुळांवर दहा वर्षेही धड लाभली नाहीत. त्यांच्या वाट्याला हे का आले आणि त्यांच्यातले पुढे काय उरले, हे पाहणे भारतीय वाचकालाही अगत्याचे आहे, कारण त्याच घराण्यातली इंजिने पोटात घेऊन बिहारमधल्या कारखान्यातून निघालेले लोको आज भारतीय मालगाड्या ओढतात.

विवेचनाच्या सोयीसाठी रेल्वे कर्मचारी वापरतात तो ‘लोको’ हा शब्द येथे संपूर्ण वाहनासाठी आणि ‘इंजिन’ हा शब्द त्याच्या पोटातल्या डिझेल यंत्रासाठी वापरला आहे. डिझेल-विद्युत लोको म्हणजे वस्तुतः रुळांवरून फिरणारे वीजकेंद्रच असते: इंजिन चाकांना थेट फिरवत नाही, ते अल्टरनेटर फिरवून वीज निर्माण करते, आणि ती वीज प्रत्येक आसावर बसवलेल्या ट्रॅक्शन मोटरला पुरवली जाते. त्यामुळे लोकोची ताकद दोन वेगवेगळ्या मर्यादांनी बांधलेली असते. इंजिन किती शक्ती निर्माण करते, ही पहिली मर्यादा अश्वशक्तीत मोजतात. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. पोलादी चाक पोलादी रुळावर न घसरता किती ओढ लावू शकते, ही दुसरी मर्यादा ‘पकड’ या नावाने ओळखली जाते, आणि ती लोकोच्या वजनावर व रुळांच्या स्थितीवर अवलंबून असते. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग, हा साधा नियम ध्यानात घेतला की अश्वशक्तीच्या शर्यतीचे पुढचे सगळे नाट्य उलगडू लागते.

समजा, सहा आसांच्या अमेरिकी लोकोचे वजन १९० टन आहे आणि चांगल्या कोरड्या रुळांवर त्याला वजनाच्या ३५ टक्के इतकी पकड मिळते. सहा हजार अश्वशक्तीपैकी वाटेतली गळती वजा जाता सुमारे ८२ टक्के शक्ती चाकांपर्यंत पोहोचते असे धरले, तर हिशेब असा येतो की ताशी सुमारे २० किलोमीटरच्या खाली हा लोको आपली पूर्ण शक्ती वापरूच शकत नाही, कारण चाके आधी घसरतील. तेवढ्याच वजनाच्या ४,४०० अश्वशक्तीच्या लोकोसाठी हीच सीमा ताशी सुमारे १५ किलोमीटरवर येते. म्हणजे घाटात रांगत चढणाऱ्या कोळशाच्या गाडीला दोन्ही लोको जवळपास सारखीच ओढ देतात आणि १,६०० अश्वशक्तीचा जादा खर्च तेथे वाया जातो. ही जादा शक्ती फळाला येते ती वेग वाढल्यावर, म्हणजे सपाट प्रदेशातून ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरने धावणाऱ्या कंटेनरगाड्यांवर. अवजड लोकोंच्या बाजूने झालेला युक्तिवाद आणि त्यांच्या विरोधात गेलेला अनुभव, दोन्ही या एका हिशेबातून निघतात.

या युक्तिवादाचे माहेर म्हणजे युनियन पॅसिफिक ही कंपनी. नेब्रास्काची सपाटी आणि वायोमिंगचे चढ यांवरून लांब पल्ल्याच्या वेगवान मालगाड्या चालवणाऱ्या या कंपनीला मोठ्या यंत्रांची ओढ वाफेच्या काळापासून होती, आणि १९५० च्या दशकात तिने वायुटर्बाइनवर चालणारे लोकोही वापरले. शुद्धीकरणात तळाला उरणारे जाड, स्वस्त इंधन त्यांत जाळले जाई, आणि त्यांतल्या शेवटच्या पिढीची शक्ती ८,५०० अश्वशक्ती होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी कंपनीच्या लोको विभागाचे प्रमुख डेव्हिड न्यूहार्ट यांनी कारखान्यांपुढे नवी मागणी ठेवली: तीन लोको एकत्र जोडले की पंधरा हजार अश्वशक्ती मिळाली पाहिजे. त्या काळी एका डिझेल इंजिनातून पाच हजार अश्वशक्ती काढणे कोणालाच जमत नव्हते, म्हणून तिन्ही कारखान्यांनी एकाच चौकटीवर दोन-दोन इंजिने बसवली. जनरल इलेक्ट्रिकचा ‘यू५०’, जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाचा ‘डीडी३५’ आणि अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी ऊर्फ अल्को हिचा ‘सी-८५५’ अशी ही तीन उत्तरे होती.

त्यांतल्या अल्कोच्या उत्तराची कथा भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. ‘सी-८५५’ चे केवळ तीन नमुने १९६४ मध्ये बांधले गेले आणि तिन्ही १९७२ मध्ये मोडीत निघाले. तोवर अल्कोने लोको बांधणेच थांबवले होते. पण त्या दुर्मीळ लोकोच्या पोटात जी ‘२५१’ मालिकेची इंजिने जोडीने बसवली होती, त्याच मालिकेचे एकेरी इंजिन भारताच्या ‘डब्ल्यूडीएम-२’ मध्ये होते. वाराणसीच्या डिझेल लोको कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिला लोको बाहेर पडला, त्यानंतर २,६०० अश्वशक्तीच्या या लोकोची आणि त्याच्या वंशजांची पैदास हजारांत गेली, आणि पुणे व कल्याणच्या शेडांतल्या कारागिरांच्या पिढ्या याच कुळाची देखभाल करीत निवृत्त झाल्या. एकाच कारखान्याच्या एकाच इंजिनाला अमेरिकेत जोडीने बसवल्यावर आठ वर्षांचे आयुष्य मिळाले आणि भारतात एकट्याने बसवल्यावर अर्धशतकाहून अधिक. या लेखाचा विषय त्या फरकात जवळजवळ पूर्ण सामावलेला आहे.

जोड-इंजिनांच्या या प्रयोगाचा कळस म्हणजे इलेक्ट्रो-मोटिव्हचा ‘डीडीए४०एक्स’. अमेरिकेच्या पहिल्या आंतरखंडीय लोहमार्गाचे दोन तुकडे १० मे १८६९ रोजी जोडले गेले, त्याच्या शताब्दीच्या वर्षी हा लोको आला आणि म्हणून त्याचे नाव ‘सेंटेनिअल’ पडले. १९६९ ते १९७१ या काळात ४७ लोको बांधले गेले आणि सगळे युनियन पॅसिफिककडेच गेले. जवळून पाहिल्यास या लोकोचा आकार आजही थक्क करतो: ९८ फूट ५ इंच, म्हणजे सुमारे तीस मीटर लांबी, दोन्ही टोकांना चार-चार आसांच्या अखंड बोगी, मध्ये लोंबणारी सुमारे ३१ हजार लिटरची इंधनटाकी, आणि वर एकामागे एक ठेवलेली प्रत्येकी ३,३०० अश्वशक्तीची सोळा सिलिंडरांची दोन इंजिने. ६,६०० अश्वशक्तीच्या या लोकोला एका अर्थाने दोन लोकोंचे ओझे वाहावे लागे, कारण इंजिने दोन असल्याने त्यांची देखभालही दुप्पट होती, आणि त्यांतले एक बंद पडले तरी तीस मीटरचा अख्खा लोको शेडमध्ये आणावा लागे. वळणांवर चार आसांची ताठ बोगी रुळांना जाचक ठरे, तो त्रास वेगळाच. १९८० च्या मंदीत हे लोको बाजूला उभे केले गेले, वाहतूक वाढल्यावर काही पुन्हा कामाला लागले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला त्यांची नियमित सेवा संपली.

तरीही सेंटेनिअलला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या नियंत्रणव्यवस्थेत इलेक्ट्रॉनिक घटकांचे सुटे, काढता-घालता येणारे संच प्रथमच मोठ्या प्रमाणावर कसोटीला लागले, आणि तीच पद्धत १९७२ च्या ‘डॅश-२’ मालिकेत, म्हणजे आरंभी उल्लेखिलेल्या ‘एसडी४०-२’ मध्ये, नेहमीची झाली. बिघाड शोधण्यासाठी तारांच्या जंजाळात तासन्‌तास घालवण्याऐवजी दोषी संच ओढून काढायचा आणि दुसरा बसवायचा, ही सोय ४७ अवाढव्य लोकोंच्या अनुभवातून हजारो सामान्य लोकोंना मिळाली.

यानंतर वीस वर्षे अश्वशक्तीची शर्यत मंदावली, आणि तिला पुन्हा जोर चढला तो मोटरमधल्या क्रांतीमुळे. तोवर अमेरिकी लोकोंच्या ट्रॅक्शन मोटर एकदिश प्रवाहावर चालत. त्या जड होत्या, त्यांचे ब्रश झिजत, आणि कमी वेगात जास्त ओढ लावली की त्या तापून जळण्याची भीती असे. तीन-कला प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटरमध्ये ब्रश नसतात, ती मंद वेगातही पूर्ण ओढ दीर्घकाळ सोसते, आणि तिला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमुळे चाकाचे घसरणे क्षणार्धात आवरता येते. इलेक्ट्रो-मोटिव्हने जर्मनीच्या सीमेन्सच्या साहाय्याने हे तंत्र अमेरिकेत आणले, आणि १९९३ मध्ये आलेले ‘एसडी७०मॅक’ बर्लिंग्टन नॉर्दर्न कंपनीने वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या कोळशाच्या गाड्यांना जोडले, तेव्हा जुन्या पाच लोकोंचे काम नवे तीन लोको करू लागले. जनरल इलेक्ट्रिकचा ४,४०० अश्वशक्तीचा ‘एसी४४००सीडब्ल्यू’ त्याच सुमारास आला आणि तोही यशस्वी ठरला.

या यशातूनच चुकीचा निष्कर्ष निघाला. पाचांच्या जागी तीन पुरले ते मोटर आणि पकड सुधारल्यामुळे. अश्वशक्तीचा त्यात दुय्यम वाटा होता. पण दोन्ही कारखान्यांनी आणि त्यांच्या ग्राहक कंपन्यांनी पुढची पायरी अश्वशक्तीतच शोधली: चार हजारांचे तीन लोको काढून सहा हजारांचे दोन जोडायचे. जनरल इलेक्ट्रिकने जर्मनीच्या डॉइट्झ-एमडब्ल्यूएम या इंजिन कंपनीच्या भागीदारीत ‘७एचडीएल’ नावाचे सोळा सिलिंडरांचे नवे इंजिन विकसित केले आणि ते ‘एसी६०००सीडब्ल्यू’ मध्ये बसवले. इलेक्ट्रो-मोटिव्हपुढची अडचण अधिक मोठी होती, कारण १९३० च्या दशकापासून तिची सारी हयात दोन-स्ट्रोक इंजिनांवर गेली होती, म्हणजे ज्यांत पिस्टनच्या दर खाली-वर फेरीला स्फोट होतो अशा इंजिनांवर. सहा हजारांसाठी मात्र तिने चार-स्ट्रोक पद्धतीचे, दर दुसऱ्या फेरीला स्फोट होणारे, ‘२६५एच’ हे इंजिन मुळापासून आखले. ते ज्या लोकोत बसायचे होते तो ‘एसडी९०मॅक’ सुमारे साडेचोवीस मीटर लांब होता, आणि एवढ्या मोठ्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्या मागच्या टोकाला रेडिएटर इतके रुंद करावे लागले की छपराच्या दोन्ही कडांना ते पंखांसारखे बाहेर आलेले दिसतात.

इंजिने वेळेवर तयार झाली नाहीत, आणि येथून या कथेतला सर्वांत विलक्षण भाग सुरू होतो. कंपन्यांना लोकोंची घाई होती, म्हणून कारखान्यांनी मोठ्या चौकटीत तात्पुरते जुने, लहान इंजिन बसवून ‘परिवर्तनीय’ लोको विकले. नवे इंजिन सिद्ध झाले की ते बदलून द्यायचे, असा करार होता. युनियन पॅसिफिकने ४,३०० अश्वशक्तीचे असे तीनशेहून अधिक ‘एसडी९०४३मॅक’ घेतले, कॅनेडियन पॅसिफिकने ६१ घेतले, आणि जनरल इलेक्ट्रिककडूनही शंभराहून अधिक परिवर्तनीय लोको युनियन पॅसिफिककडे आले. सहा हजारांचे इंजिन त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. खऱ्या सहा हजारी ‘एसडी९०मॅक-एच’ ची एकूण संख्या ६८ वर थांबली, त्यांतले ६२ युनियन पॅसिफिकचे आणि चार कॅनेडियन पॅसिफिकचे होते. खऱ्या ‘एसी६०००सीडब्ल्यू’ पैकी ११७ सीएसएक्स या पूर्व किनाऱ्यावरच्या कंपनीने आणि ८० युनियन पॅसिफिकने घेतले.

इंजिनांचे दुखणे गंभीर होते. ‘७एचडीएल’ मध्ये कंपने आणि टर्बोचार्जरचे बिघाड उद्भवले, तेव्हा जनरल इलेक्ट्रिकला इंजिनाच्या भिंती जाड करून त्याची ताठरता वाढवावी लागली. ‘२६५एच’ ची विश्वासार्हता तर त्याहून कमी ठरली. मात्र केवळ तांत्रिक दोषांनी या लोकोंचा बळी घेतला, असे म्हणणे अपुरे आहे. तीन लोकोंपैकी एक वाटेत बंद पडला तर गाडी दोन-तृतीयांश शक्तीने रखडत का होईना पुढे सरकते. दोनांपैकी एक बंद पडला तर निम्मी शक्ती जाते आणि चढावर गाडी उभी राहून मागची सगळी वाहतूक तुंबते. शक्ती एका जागी एकवटली की धोकाही त्याच जागी एकवटतो, आणि ज्या लोकोचे इंजिन नवे, अपरिचित आणि दुर्मीळ आहे त्याच्या बाबतीत हा धोका दुणावतो, कारण सुटे भाग महाग, जाणकार मिस्त्री थोडे आणि शेडमधला मुक्काम लांबलचक. त्याच काळात लांब गाडीच्या मध्ये व शेवटी लोको ठेवून ते पुढच्या लोकोतून रेडिओने चालवण्याची पद्धत सर्रास झाली, आणि त्या पद्धतीला थोडे बलाढ्य लोको नव्हे तर पुष्कळ मध्यम लोको सोयीचे पडतात. इंधनाचे वाढते भाव आणि वेगापेक्षा गाडीच्या लांबीला महत्त्व देणारे नवे व्यवस्थापन यांनी उरलेसुरले समर्थनही काढून घेतले.

एका ठिकाणी मात्र या लोकोंनी आपले नाव कोरून ठेवले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारा भागात बीएचपी ही खाणकंपनी लोहखनिजाची स्वतःची रेल्वे चालवते, आणि तिने १९९९ मध्ये आठ ‘एसी६०००सीडब्ल्यू’ विकत घेतले होते. २१ जून २००१ रोजी हे आठही लोको एका गाडीत जागोजागी जोडले गेले, ६८२ वाघिणींची ७.३५३ किलोमीटर लांबीची आणि ९९,७३४ टन वजनाची ती गाडी पोर्ट हेडलँड बंदरापर्यंत सुमारे २७५ किलोमीटर धावली, आणि एकच चालक ती सांभाळत होता. जगातल्या सर्वांत लांब व सर्वांत जड गाडीचा हा विक्रम ठरला. त्या आठ लोकोंना तेवढ्याने दीर्घायुष्य मिळाले नाही. बीएचपीने पुढे इलेक्ट्रो-मोटिव्हच्या ४,३०० अश्वशक्तीच्या ‘एसडी७०एसीई’ लोकोंचा एकसमान ताफा उभारला आणि आठांच्या वेगळ्या जातीला त्यात जागा उरली नाही. विक्रम करणाऱ्या यंत्रालाही ताफ्यातला एकटेपणा मारतो, हे येथे स्पष्ट दिसते.

अमेरिकेत सहा हजारी लोको ज्या तऱ्हेने नाहीसे झाले, ती तऱ्हा त्यांच्या जातीनुसार वेगळी होती. ‘एसडी९०मॅक-एच’ सर्वांत आधी गेले. त्यांचे इंजिन कोणालाच नको होते आणि त्या इंजिनावाचून मोठी चौकट निरुपयोगी होती. सीएसएक्सने आपल्या ‘एसी६०००’ लोकोंतले बरेचसे सुमारे ४,६०० अश्वशक्तीवर उतरवून चालवले, म्हणजे ज्या गुणासाठी ते विकत घेतले तोच गुण काढून घेऊन त्यांना टिकवले, आणि पुढच्या काळात तेही ताफ्यातून कमी होत गेले. सर्वांत चांगले दिवस आले ते कधीच सहा हजारी न झालेल्या परिवर्तनीय लोकोंना. नॉरफोक सदर्न आणि कॅनेडियन पॅसिफिक यांनी अशा जुन्या ‘एसडी९०४३मॅक’ ची नवी विद्युतव्यवस्था आणि नवी कॅब बसवून पुनर्बांधणी करवली, त्यांना ‘एसडी७०एसीयू’ हे नाव दिले, आणि मोठी चौकट व जुने भरवशाचे दोन-स्ट्रोक इंजिन असा तो संसार आजही चालू आहे.

इंजिनांचे पुढे काय झाले, हा या कथेचा सर्वांत मोलाचा भाग आहे. ‘७एचडीएल’ च्या सोळा सिलिंडरांतून सहा हजार अश्वशक्ती निघत होती, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे ३७५. जनरल इलेक्ट्रिकने त्याच मापाच्या, २५० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३२० मिलिमीटर धावेच्या सिलिंडरांचे, पण सोळाऐवजी बाराच सिलिंडरांचे इंजिन तयार केले. त्यातून सुमारे साडेचार हजार अश्वशक्ती सहज मिळू लागली आणि तेही २००५ पासून लागू झालेले प्रदूषणाचे कडक नियम पाळून. ‘गेव्हो’ या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन अमेरिकी मालवाहतुकीचा कणा बनले. सहा हजारांच्या शर्यतीत जे पैसे आणि कष्ट बुडाले असे वाटत होते, ते बारा सिलिंडरांच्या रूपाने वसूल झाले. इलेक्ट्रो-मोटिव्हच्या ‘२६५एच’ ने दूरची वाट धरली: चीनच्या दालियान कारखान्यात बांधल्या गेलेल्या ‘एचएक्सएन३’ या सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीच्या लोकोत ते इंजिन बसले, आणि तेवढ्याच मापाच्या बारा सिलिंडरांचे त्याचे नवे रूप २०१५ मध्ये अमेरिकी कारखान्याच्या नव्या लोकोत परतले. चीनच्या छिशुयान कारखान्यातल्या ‘एचएक्सएन५’ लोकोंत जनरल इलेक्ट्रिकचे सोळा सिलिंडरांचे गेव्हो बसले, ते ‘एचएक्सएन३’ च्याच सुमारास.

भारताचा या घडामोडींशी असलेला संबंध दोन्ही घराण्यांतून येतो. १९९० च्या दशकाच्या मध्याला रेल्वेने जनरल मोटर्सकडून प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटरचे तंत्र घेतले, आणि त्यातून आलेला चार हजार अश्वशक्तीचा ‘डब्ल्यूडीजी-४’ अवजड मालवाहतुकीत अल्कोच्या जुन्या कुळाची जागा घेऊ लागला. हुबळी शेडचे हे लोको गोव्याच्या हद्दीवरच्या कॅसल रॉक ते कुळे या घाटात खनिजाच्या आणि कोळशाच्या गाड्यांना पुढून व मागून जोडलेले अनेकांनी पाहिले असतील. तेथला ३७ मीटरला एक मीटरचा चढ हा भारतीय ब्रॉडगेजवरच्या सर्वांत खड्या चढांपैकी आहे. अशा घाटात पकडीचा हिशेब अमेरिकेपेक्षाही कडक होतो. अमेरिकी लोकोच्या प्रत्येक आसावर ३० टनांहून अधिक भार चालतो, भारतात तो सुमारे २२ टनांच्या घरात ठेवावा लागतो. म्हणजे सहा आसांचा लोको १३० टनांच्या आसपास भरतो आणि तीच ३५ टक्के पकड धरली तर सहा हजार अश्वशक्ती पुरती वापरण्यासाठी ताशी जवळजवळ ३० किलोमीटरचा वेग आधी गाठावा लागतो. घाटात तो वेग मिळत नाही.

हे भान असतानाही वाराणसीच्या कारखान्याने इलेक्ट्रो-मोटिव्हच्या सहकार्याने २०१२ मध्ये साडेपाच हजार अश्वशक्तीचा ‘डब्ल्यूडीजी-५’ बांधला आणि त्याला ‘भीम’ हे नाव मिळाले. त्याच्या पोटात ‘७१०’ मालिकेचे वीस सिलिंडरांचे इंजिन होते, आणि हे इंजिनही दुर्मीळांच्या वंशावळीतलेच. वीस सिलिंडरांमुळे इंजिन आणि त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांची खाली-वर हालचाल गोल फिरवणारा दांडा, फार लांब होतो. १९६५ च्या अमेरिकी ‘एसडी४५’ ला आरंभीच्या काळात तुटणाऱ्या क्रँकशाफ्टनी हैराण केले होते, आणि वीस सिलिंडरी ‘७१०’ घेऊन १९९० च्या दशकात आलेला पाच हजार अश्वशक्तीचा ‘एसडी८०मॅक’ तीसच्या पुढे गेला नाही. भीमची संख्या सातवरच थांबली. भारतीय भूमीवर, भारतीय अभियंत्यांनी एवढ्या अश्वशक्तीचा डिझेल लोको उभा केला, ही कामगिरी सात या आकड्यावरून हिणवण्याजोगी मुळीच नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने बिहारसाठी दोन मोठे करार केले, आणि ते परस्परविरोधी दिशांना जाणारे होते. मढौरा येथे जनरल इलेक्ट्रिकने एक हजार डिझेल लोको बांधायचे होते, त्यांतले ७०० साडेचार हजार अश्वशक्तीचे आणि ३०० सहा हजारांचे. मधेपुरा येथे फ्रान्सच्या अल्स्टॉमने बारा हजार अश्वशक्तीचे ८०० विद्युत लोको बांधायचे होते. मढौऱ्याच्या साडेचार हजारी लोकोत बारा सिलिंडरांचे गेव्हो आहे आणि सहा हजारी ‘डब्ल्यूडीजी-६जी’ मध्ये सोळा सिलिंडरांचे, म्हणजे १९९० च्या दशकातल्या त्या बदनाम इंजिनाचे सुधारलेले, परिपक्व रूप भारतात अखेर सहा हजारांचे वचन पाळत आहे. पण सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ब्रॉडगेजच्या संपूर्ण विद्युतीकरणाला मंजुरी दिली, आणि २०२५ पर्यंत ते काम ९८ टक्क्यांच्या पुढे गेले. विद्युत लोकोला वीजकेंद्र सोबत वाहून न्यावे लागत नाही, त्याची शक्ती तारेतून येते, त्यामुळे डिझेलने जी मर्यादा पन्नास वर्षे ओलांडू पाहिली ती त्याला लागूच होत नाही. बारा हजारी लोकोंच्या देखभालीचे एक केंद्र नागपूरला आहे, आणि गुजरातच्या दाहोद येथे सीमेन्सच्या तंत्राने बांधल्या जाणाऱ्या नऊ हजारी लोकोंच्या देखभालीसाठी निवडलेल्या चार ठिकाणांत पुणे आहे. मढौऱ्याच्या कारखान्याने जून २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाकडे पहिला लोको रवाना केला. तेथल्या लोहखनिजाच्या वाहतुकीसाठी मागवलेले हे दीडशे लोको सहा हजारांचे नाहीत, साडेचार हजारांचे आहेत. खनिज वाहणाऱ्या डिझेल गाडीला किती शक्ती शहाणपणाची, याचे जगाने दिलेले उत्तर अजून तेथेच आहे.

राहता राहिला प्रश्न जतनाचा. ४७ सेंटेनिअलांपैकी १३ आज संग्रहालयांत आणि उद्यानांत उभे आहेत, कारण युनियन पॅसिफिकला त्यांचा अभिमान होता आणि गावोगावच्या हौशी मंडळींनी ते मागून घेतले. त्यांतला ६९३६ क्रमांकाचा लोको तर कंपनीने कित्येक वर्षे चालू स्थितीत राखला आणि २०२२ मध्ये एका वारसा संस्थेच्या स्वाधीन केला. १९९० च्या दशकातल्या सहा हजारी लोकोंच्या नशिबी असे प्रेम आले नाही, कारण ते वेळेआधी आणि बदनाम होऊन गेले. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ यशस्वी यंत्रांवरून लिहिता येत नाही, आणि ज्या यंत्राने मर्यादा कोठे आहे हे दाखवून दिले त्याचे मोल हजारांत खपलेल्या यंत्रापेक्षा कमी नाही. भारतात डिझेल शेडांची विद्युत शेडे होत असताना ही गोष्ट तातडीची झाली आहे. सात भीमांपैकी निदान एक लोको इंजिनासह, पोकळ सांगाडा म्हणून नव्हे, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात किंवा वाराणसीच्या कारखान्याच्या आवारात कायमचा ठेवला जावा, आणि त्या सातांच्या देखभालीच्या नोंदवह्या, बिघाडांचे अहवाल व मूळ आराखडे अभ्यासकांना खुले व्हावेत. हा निर्णय रेल्वे मंडळाच्या हातात आहे, आणि भंगाराच्या लिलावाची यादी निघण्याआधीच तो घ्यायला हवा.